मागे कोणी नाही

छापखाना पुढे आणि घर मागे, अशी आमची जागा होती. मधल्या दाराला पडदा होता, पण यंत्राची धडधड आणि शाईचा वास पडद्याला जुमानत नसत. आठवडाभर आम्ही त्या धडधडीवरूनच बोलायचो, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्यांचा आवाज चढा. रविवारी यंत्र बंद असलं की घर एकदम मोठं वाटायचं. त्या मोठ्या झालेल्या घरात, जेवणं उरकल्यावर, आई जेवणाच्या टेबलावर पूर आणायची.

आई नर्सिंगच्या शाळेत शिकवायची. तिचा विषय सार्वजनिक आरोग्य, आणि त्या तासाला मुली झोपायच्या. हे ती स्वतःच सांगायची. "हृदय शिकवतात त्या बाईंच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. माझ्या तासाला घोरणं ऐकू येतं."

तिला शिकवायचं होतं ते असं, की माणूस नुसत्या जंतूंनी आजारी पडत नाही. तो राहतो कुठे, काम काय करतो, शिकला किती, कोणाचा भार त्याच्यावर आहे आणि वेळ आली तर त्याच्यासाठी कोण धावून येईल, यावर त्याची तब्येत ठरते. मुली हे सगळं लिहून घ्यायच्या, परीक्षेत उतरवायच्या आणि वॉर्डात पाऊल टाकलं की विसरायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने ठरवलं, की घड्यावर पाणी ओतत बसण्यापेक्षा मुलींनाच पाण्यात उतरवावं.

तिने एका जुन्या पांढऱ्या चादरीवर छापखान्यातल्या शाईने एक शहर काढलं. मधून नदी, नदीवर एकच पूल. अलीकडे टेकडी, टेकडीवर बंगले आणि रुग्णालय. पलीकडे सखल भागात कापडाची गिरणी, गिरणीची वस्ती, बाजार आणि एक शाळा. माणसं म्हणजे आत्याच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. कार्डं बाबांनी छापून दिली, निमंत्रणपत्रिकांच्या उरलेल्या जाड कागदावर. त्यामुळे काही कार्डांना सोनेरी वेलबुट्टी होती, आणि त्या वेलबुट्टीच्या आत ‘दम्याचा त्रास, तळघरात खोली’ असं काहीतरी छापलेलं असायचं.

प्रत्येक कार्डावर चार ओळी असत. घर कुठे, काम काय, तब्येत कशी आणि मागे कोण. खेळ सोपा होता. आई पितळी घंटा वाजवायची. घंटा झाली की चादरीवरचं पाणी एक रेघ वर चढायचं. दोन घंटांच्या मध्ये प्रत्येकाला दोन खेळी. एका खेळीत एक चौकोन पुढे जा, नाहीतर कोणाला तरी मदत करा. पण मागे कोणी असेल, म्हणजे तान्हं मूल, अंथरुणावरची आई, आंधळा भाऊ, तर दोनातली एक खेळी त्यांच्यापायी जायची. ज्याच्या घरी रेडिओ त्याला पुराची बातमी एक घंटा आधी कळायची. ज्याच्याकडे गाडी तो एका खेळीत वाटेल तितका लांब जायचा. बस, एवढेच नियम.

मुलींसमोर नेण्याआधी खेळ घरात तपासून बघायचा होता, आणि तपासायला आम्ही होतो: बाबा, आजोबा, माझा दादा आणि मी. आत्या घरात असून त्यात नसायची. "तुमचं चालू द्या, मी चहाचं बघते," म्हणायची.

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले. पहिल्याच रविवारी त्यांना कार्ड आलं: वय अठरा, गिरणीत कामाला, सातवा महिना. त्यांनी ते नाकाशी धरून वाचलं आणि आईकडे परत सरकवलं.

"सूनबाई, हे माझं नाही."

"अण्णा, आलेलं कार्ड बदलता येत नाही."

"अगं, पण सातवा महिना?"

"मग जपून चाला."

आणि आजोबा खरंच जपून चालले. दर घंटेला विचारायचे, "आता मला कसं वाटतंय?" नंतर नंतर तर नकळत कमरेवर हात ठेवून बसले. दादा हसता हसता खुर्चीवरून खाली आला. आईने त्याला दटावलं, पण तीही ओठ चावत होती. आजोबा कसेबसे शाळेच्या गच्चीवर पोचले आणि वाचले. रात्री जेवताना मात्र ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "त्या पोरीला वाटेत एकानेही विचारलं नाही."

बाबांना एकदा गिरणीचा रखवालदार मिळाला. पाणी छातीपर्यंत आलं तरी बाबा फाटक सोडेनात, कारण मालकाने सांगितलं नव्हतं. मालक होता दादा, टेकडीवरच्या बंगल्यात. त्याला बाबांची आठवणच झाली नाही. "मला या खेळात काही होतच नाही, कंटाळा येतो," दादा म्हणाला. आईने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "हेच तर मला वर्गात कोणीतरी म्हणायला हवंय."

असे ते रविवार. आजही कुठे नव्या छपाईचा वास आला की मला ती चादर दिसते, तिच्यावर डोकी एकत्र आलेली दिसतात, आणि चहाचे कप ठेवून पदराला हात पुसत दारात उभी राहिलेली आत्या दिसते.

आत्या बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, किंवा करू दिलं नाही, किंवा राहून गेलं. ज्याला विचाराल तो वेगळं सांगायचा. एवढं खरं, की ती टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती आणि आजी अंथरुणाला खिळली तेव्हा घरी बसली. आजी गेली तोवर दादा रांगायला लागला होता. मग माझा नंबर. आम्ही जरा सुटे झालो तर आजोबांची नजर अधू झाली. घोडं कुठे ना कुठे अडतच राहिलं. आत्याने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तिचा खोकला तेवढा आठवतो. थंडी पडली की तो सुरू व्हायचा आणि चांगलं ऊन तापेपर्यंत थांबायचा नाही. यंत्राच्या आवाजासारखी त्याचीही आम्हाला सवय होती.

सुट्टी संपत आली तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी दादा मित्राकडे गेला होता आणि खेळायला एक माणूस कमी पडत होतं. आई आत्याला म्हणाली, "वन्सं, आज तुम्ही बसा."

"मला कुठे जमतंय, वहिनी."

"अण्णांना बाळंतपण जमत आलं होतं. तुम्हाला एवढंही जमणार नाही?"

आत्या हसली, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, केव्हाही उठायला बरं अशी. तिने कार्ड उचललं. वाचलं. मग उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं आणि पुन्हा वाचलं.

"मोठ्याने वाच ना," मी म्हणाले.

तिने वाचलं. "घर, बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. काम, फिरता विक्रेता, मोटारसायकल आहे. तब्येत उत्तम." मग जरा थांबून, "मागे कोणी नाही."

मला त्या दिवशी शाळकरी मुलगा मिळाला होता, बाजाराजवळच, आणि मागे लहान भाऊ. आजोबा रुग्णालयातले डॉक्टर होते आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता. बाबा गिरणीच्या वस्तीत, मागे म्हातारी आई.

घंटा झाली. पाणी नदीच्या काठाला लागलं. मी माझं बटण एक चौकोन सरकवलं. दुसरी खेळी भावापायी गेली. आत्या वाकून चादरीकडे बघत होती. "गाडीवर असलं की हवं तितकं लांब?" तिने आईला विचारलं.

"हवं तितकं."

"मग मी निघाले."

तिने बटण उचललं नाही. बोटाने ते चादरीवरून चालवत नेलं, बाजारातून पुलाकडे. मी तिच्या वाटेतच होते.

"आत्या, मला घे ना गाडीवर. भावाला पण."

ती थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, ये. घरात ती दुसरं काही म्हणत नसे. तिने माझ्या बटणाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नाही."

बाबा हसले. मीही हसले, कारण आत्या चेष्टा करतेय असंच आम्हाला वाटलं. पण तिचं बोट पुढे चाललं होतं. पूल ओलांडला, टेकडी आली, बंगले गेले, रुग्णालय गेलं.

"पुढे काय आहे?"

"पुढे नकाशा संपतो, वन्सं," आई म्हणाली.

"मग तिथे राहते मी."

आणि तिने ते निळं बटण चादरीवरून खाली, टेबलाच्या उघड्या लाकडावर नेऊन ठेवलं. त्यावर पंजा ठेवून ती बसली. आता ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लांबच्या प्रवासात खिडकीची जागा मिळालेल्या माणसाचा असतो, तसा.

खेळ चालू राहिला. पुढच्या दोन घंटांत मी आणि माझा भाऊ पुलावर अडकलो आणि पूल पाण्याखाली गेला. बाबांची म्हातारी आई वस्तीतच राहिली, आणि बाबा तिच्यापाशी. आजोबा रुग्णालयात वाट बघत बसले होते, पण त्यांच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही. त्यांना राग आला.

"काय गं," ते आत्याला म्हणाले, "मोकळी होतीस, गाडी होती, आणि लेकरांना टाकून गेलीस? तू?"

"अण्णा, कार्डावर लिहिलंय. मागे कोणी नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मऊ. "माझ्याबद्दल असं कुठे लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं. म्हटलं, एकदा बघू जाऊन."

आत्याने बटण डब्यात टाकलं आणि कप गोळा करून आत गेली. आतून नळाचा आवाज आला आणि मग खोकला, एकदा सुरू झाला तो थांबेना. उन्हाळा होता. उन्हाळ्यात तो येत नसे. आम्ही चौघं चादरीभोवती बसून तो ऐकत होतो, आणि मला वाटतं बाबांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी आई आत्याच्या खोलीत गेली. मी तिच्या मागोमाग. ती खोली घराच्या अगदी टोकाला, न्हाणीघराला लागून. आजीची खोली शेजारी होती म्हणून आत्या तिथे राहायला गेली होती, रात्री हाक ऐकू यावी म्हणून. आजी जाऊन वर्षं लोटली. तिच्या खोलीत आता कागदाचे गठ्ठे होते. आत्या मात्र होती तिथेच. एका भिंतीपलीकडे पाण्याची टाकी होती. त्या भिंतीचा चुना फुगून पापुद्रे सुटले होते आणि आत्याने तिथे जुन्या दिनदर्शिकांची चित्रं डकवली होती. खिडकी परसातल्या मोरीवर उघडायची. छापखान्यातले अक्षरांचे खिळे रॉकेलने धुतले जायचे ते त्या मोरीवर.

आईने एक चित्र बाजूला करून भिंतीला तळवा लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग पलंगावर बसली.

"वन्सं, परवाच मी वर्गासाठी कार्ड लिहिलं. ओल आलेली खोली, रॉकेलचा वास, जुना खोकला. नाव नसलेल्या बाईचं. कुठून सुचलं, याचा विचारही केला नाही मी."

"सुचलं ना? मग झालं."

"दिव्याखाली अंधार तो हाच."

"अगं, भिंत काय तुला विचारून ओली झाली?" आत्या म्हणाली. "रडू नकोस बाई. तू रडलीस की आणखी ओल येईल."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाजूची खोली रिकामी करायला घेतली. ती पाहुण्यांची, गल्लीकडे खिडक्या असलेली. आजोबा कुरकुरले, की पाहुणे आले तर कुठे झोपतील. बाबा म्हणाले, "ओल्या खोलीत," आणि पलंगाचे पाय सोडवायला लागले. बाबा आजोबांना उलट बोललेले मी तेवढेच पाहिले.

आत्या दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "राहू दे रे. मला नको ती खोली." आणि आईकडे वळून, "वहिनी, तुमच्या नर्सिंगच्या वसतिगृहाला देखरेखीला बाई हवी होती. ती जागा भरली का?"

आईला आठवावं लागलं. हिवाळ्यात कधीतरी जेवताना ती बोलून गेली होती, विसरूनही गेली होती. आत्याने ते तेव्हापासून जपून ठेवलं होतं.

जागा भरली नव्हती. पण आजोबांचा पारा चढला. घर असताना वसतिगृहात राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, आम्ही काय मेलो आहोत का, या वयात नोकरी कसली. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, मी तुमच्यावर रागावून जात नाहीये. मला जायचंय म्हणून जातेय. एवढंच आहे." असं बोलणं आमच्या घरात नवीन होतं. आजोबांनी अबोला धरला.

अबोला काही दिवस टिकला. तो मोडला त्यांच्याच सवयीने. पेपर वाचून दाखवायला आत्या नव्हती, ती आईबरोबर वसतिगृह बघायला गेली होती. मी वाचायला बसले, तर म्हणाले, "तू फार भरभर वाचतेस." मग स्वतःशीच, "ती किती वर्षं वाचतेय, मी मोजलीच नाहीत." आत्या परत आल्यावर त्यांनी विचारलं, "खोली कशी आहे?"

"वरच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या."

"ऊन येतं?"

"सकाळचं येतं."

"मग जा," आजोबा म्हणाले. "पण रविवारी येत जा. बाळंतीण झालो तर मला या लोकांचा भरवसा नाही."

आत्या गेली. घराची घडी विस्कटली, हे सांगायलाच हवं. दादाला भांडी घासावी लागली आणि त्याने त्यातली पुष्कळ फोडली. बाबा सकाळी आजोबांना पेपर वाचून दाखवायला लागले आणि त्या नादात छापखाना उशिरा उघडायला लागला. ओली खोली रिकामी राहिली. बाबांनी टाकी हलवून घेतली, भिंत खरवडली, मोरीही दुसरीकडे नेली, पण त्या खोलीत झोपायला कोणी तयार झालं नाही, आजोबांचे पाहुणेसुद्धा.

शाळा उघडल्यावर आईने तो खेळ वर्गात नेला. मी एकदा सुट्टी होती म्हणून बघायला गेले होते. चार चादरी, चार गट, आणि खोलीत इतका गोंगाट की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. एका मुलीला तोच विक्रेता मिळाला होता. ती माघारी फिरून लोकांना नेत राहिली आणि शेवटी स्वतःच बुडाली. दुसरीला गिरणीतली गर्भार पोरगी मिळाली, आणि खेळ संपल्यावर ती बाकावर डोकं ठेवून रडली. तिच्या बहिणीचं काय झालं होतं ते तिने मग सगळ्यांना सांगितलं. आई फळ्याशी गेली नाही. एवढंच म्हणाली, "आता वॉर्डात जाल तेव्हा नाडी बघा, ताप बघा, आणि मग विचारा, घरी मागे कोण आहे."

त्या मुली विचारायच्या. पुढे कित्येक वर्षांनी मला एका रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तेव्हा एका वयस्क नर्सने माझी चादर सारखी करता करता मला हाच प्रश्न विचारला. मी तिला कोणाकडे शिकलीस ते विचारलं. तिने आईचं नाव घेतलं, आणि मग म्हणाली, "पण आमच्या खऱ्या बाई वसतिगृहातल्या."

आत्याचा खोकला पूर्ण गेला नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांचं जे गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळा. पहिल्या थंडीत ती खोकली, पण रात्री झोपू शकली. पुढच्या थंडीत त्याहून कमी. ठरल्याप्रमाणे ती रविवारी यायची, पण दर रविवारी नाही. कधी मुलींबरोबर कुठे गेलेली असायची, कधी नुसतीच यायची नाही. आजोबा दाराकडे कान लावून बसायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, वाऱ्याला बसलोय.

एकदा तिला शोधत मीच वसतिगृहात गेले. दुपार होती. मागच्या अंगणात मुलींचा घोळका होता आणि मध्ये आत्या सायकलवर, साडी खोचलेली, दोन्ही हातांनी हँडल असं घट्ट धरलेलं की जणू ते पळून जाणार आहे. दोघी जणी मागून सीट धरून पळत होत्या. "सोडू नका गं," ती म्हणत होती. त्यांनी केव्हाच सोडली होती. तिला ते कळलं तेव्हा ती अंगणाच्या पार टोकाला पोचली होती, आणि कळल्याबरोबर पडली.

गुडघा चांगला खरचटला होता. आणि एवढ्या नर्सा हाताशी म्हटल्यावर काय विचारता. एक पाणी घेऊन धावली, एक कापूस, एकीने आयोडीन आणलं, एक नाडीच बघत बसली. मलमपट्टी कोणी करायची यावरून त्यांच्यात भांडण जुंपलं. आत्या जमिनीवर पाय पसरून बसली होती, केस सुटलेले, आणि हसत होती. मला पाहिल्यावर तिने हात हलवला.

"थांब जरा," ती म्हणाली, "मी आणखी एक चक्कर मारते."